दादांची सेटिंग

आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला दोन गोष्टी मिळतात, चहा आणि दादांची सेटिंग. चहा कुठेही मिळतो. सेटिंग म्हणजे एक फोल्डर. शेजारच्या मशीनवरून ते उचलायचं आणि नव्या माणसाच्या लॅपटॉपवर जसंच्या तसं उतरवायचं. आत काय आहे ते विचारायचं नाही. देव्हाऱ्यातले टाक नव्या घरात नेताना ते चांदीचे की पितळेचे हे कुणी घासून बघत नाही, तसंच ते.

दादा म्हणजे आमचे मालक विजयकुमार. कोथरूडहून आले, जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑफिस थाटलं, दुबई मरीनात घर घेतलं. एखाद्या इमारतीला किती टन एसी लागेल याचं गणित करून द्यायचं, हा आमचा धंदा. ते गणित करणारं सॉफ्टवेअर दादांनी पुण्यात असताना स्वतः लिहिलं होतं आणि आजही तेच चालतं. मी अनुराधा, त्या सॉफ्टवेअरला ठिगळं लावत बसणारी बाई. ऑफिसात बहुतेक आपलीच माणसं. दादा तसं अभिमानानं सांगतात, मी नोकर ठेवत नाही, माणसं जोडतो. जोडलेली माणसं पगारवाढ मागत नाहीत हे मात्र ते सांगत नाहीत.

माझ्या शेजारच्या टेबलावर सुजीत बसायचा. इचलकरंजीचा. मला अनुराधाताई म्हणायचा, आणि अल बर्शात आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहायचा. सरळ माणूस. इतका सरळ की कधीकधी राग यायचा. त्याचा मुलगा सिद्धांत यंदा दहावीत. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, आणि सुजीतचं सगळं जग त्या मार्चपाशी येऊन थांबलेलं. इथे बापाची नोकरी गेली की बापाचा व्हिसा जातो आणि त्यामागोमाग बायकोचा आणि मुलाचाही. मग शाळा मध्यात असो की परीक्षा तोंडावर असो, बॅगा भरायच्या. "ताई, मार्चपर्यंत फक्त गाडी रुळावर राहू दे," असं तो लिफ्टमध्येसुद्धा म्हणायचा. त्याला तेव्हा कसली शंकाही नव्हती. उगाच म्हणायचा, आपण म्हणतो तसं.

आणि जूनमध्ये तक्रार आली. एका कामगार वसतिगृहाचं गणित सुजीतनं आदल्या वर्षी करून दिलं होतं. एसी त्याच गणितानं बसवले होते, आणि खोल्या थंड होत नव्हत्या.

मी आणि सुजीत बघायला गेलो. आम्ही मराठी आहोत म्हटल्यावर नागेश नावाचा गुहागरकडचा एक माणूस पुढे झाला आणि त्यानं आम्हाला त्याची खोली दाखवली. तीन बाजूंना दुमजली पलंग, भिंतीवर एसी, चालू. हात धरला तर हवा गार लागत होती, पण खोली गार नव्हती. नागेश म्हणाला, आम्ही चादरी भिजवून अंगावर घेतो, मग डोळा लागतो, सुकली की पुन्हा उठायचं. तक्रार करतोय असंही वाटत नव्हतं, गावाकडची पद्धत समजावून सांगावी तसं सांगत होता. त्यानं आम्हाला थंड पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दादांनी विचारलं, बाहेरचं तापमान किती धरलं होतंस? दुबईला शेहेचाळीस धरतात. सुजीत म्हणाला, शेहेचाळीसच. रिपोर्टच्या पहिल्या पानावर शेहेचाळीसच छापलेलं होतं. मग उत्तर कमी का आलं? ते कुणालाच सांगता येईना. मी हातानं गणित करून पाहिलं, तर जवळजवळ पाचव्या हिश्शानं जास्त एसी लागत होते. म्हणजे चूक नक्की होती, फक्त कुठे होती ते दिसत नव्हतं. अशा वेळी दिसत नाही ती चूक ज्याचं नाव कागदावर आहे त्याची, हा ऑफिसचा नियम. सुजीतकडे लोक जरा जपून बघायला लागले. वसतिगृहाच्या मालकाचा इंजिनीयर तहा रोज फोन करत होता. त्याला कारण हवं होतं आणि मालकापुढे न्यायला एक नाव हवं होतं.

तेव्हा मला सुचलं ते असं. प्रत्येक मशीनमध्ये काही गोष्टी आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. वापरणाऱ्याचं नाव काय, फाइली कुठे ठेवायच्या, घड्याळ कुठल्या देशाचं धरायचं. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रोग्राम चालू झाला की तो मशीनला हे सगळं हळूच विचारून घेतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपलं सॉफ्टवेअर तुम्ही काय टाइप केलंत तेवढंच छापत होतं. मशीननं त्याच्या कानात काय सांगितलं ते छापत नव्हतं. मी ठरवलं, तेही छापायचं. प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी त्या मशीनवरचे सगळे व्हेरिएबल ओळीनं आले पाहिजेत. दादांना विचारलं तर ते खूश झाले. म्हणाले, "गुड आयडिया. ट्रान्सपरन्सी पाहिजेच." काम काही मोठं नव्हतं, कॉन्फिगरेशनमध्ये एक बदल आणि छापणाऱ्या भागात थोडी भर.

आधी माझ्याच लॅपटॉपवर चालवून बघितलं. रिपोर्ट आला, शेवटच्या पानावर ओळी आल्या. माझं नाव, माझे फोल्डर, दुबईचं घड्याळ. आणि त्यांच्यात एक ओळ: बाहेरचं तापमान, अडतीस.

अडतीस हे पुण्याचं. मी कोड उघडला. आत दादांच्या हातची जुनी चोरवाट होती. मशीनवर तापमान आधीच ठरवलेलं असेल तर तेच घ्यायचं, माणसानं टाइप केलेलं फक्त पहिल्या पानावर छापायचं आणि सोडून द्यायचं. पुण्यात रोज तेच तेच टाइप करायला नको म्हणून त्यांनी ते केलं असणार, आणि नंतर विसरून गेले असणार. ती ओळ त्यांच्या फोल्डरमधून माझ्या मशीनवर आली होती. सुजीतच्या मशीनवर होती. पलीकडच्या टेबलावरच्या ईश्वरीच्या होती. सगळ्यांच्याच होती. इतकी वर्षं आम्ही दुबईचे टॉवर पुण्याच्या हवेत उभे करत होतो, आणि कुणाला कळलं नाही, कारण टॉवरवाले स्वतःच्या समाधानासाठी वरून चार टन जास्तच घेतात. कामगारांसाठी कुणी वरून घेत नाही. तिथे कागदावर होते तेवढेच बसवले, म्हणून तिथेच उघडं पडलं.

मला खरंच आनंद झाला. सुजीतला बोलावून स्क्रीन दाखवली तर तो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मी म्हटलं, आत्ताच सगळ्यांना मेल टाकते, तहालाही कॉपी करते. तो दचकला.

"ताई, दादांना मेल? आणि बाहेरच्या माणसासमोर? नको. तोंडावर सांगू. घरातली गोष्ट आधी घरात बोलावी."

आता म्हणाल, ऐकलं कशाला? पण मलाही ते बरोबरच वाटलं. आपल्या माणसाची चूक चारचौघांत दाखवू नये, मोठ्या माणसाला आधी एकट्यात सांगावं, याच वळणावर वाढलो आम्ही. इथले दुसरे कुणी असते, लेबनीज म्हणा, इंग्रज म्हणा, तर त्यांनी आधी मेल टाकला असता आणि मग कॉफी प्यायला गेले असते. आम्ही हात हलवत दादांच्या केबिनमध्ये गेलो, प्रिंटसुद्धा न घेता. लेखी दिलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल ना.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या लॅपटॉपवर ती ओळ बघितली, चष्मा काढला, पुसला. मग हसले. "शाब्बास अनुराधा. म्हणजे चूक माझीच की. म्हातारा झालो आता." सुजीतच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, वीकेंडला सगळ्यांचे लॅपटॉप ऑफिसात ठेवा, आयटीवाला सगळी मशीन कोरी करून नवी सेटिंग घालेल, तहाशी मी बोलतो. सुजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी स्वप्नालीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, साटोऱ्या करून वर पाठवल्या.

सोमवारी लॅपटॉप परत मिळाले, नवेकोरे. माझा पहिला रिपोर्ट त्यात नव्हता. मी फारसं मनावर घेतलं नाही, एक बटण दाबलं की दुसरा येईल. तेवढ्यात दादांनी मीटिंगला बोलावलं. तहा आला होता. मोठ्या स्क्रीनला एक लॅपटॉप जोडलेला, तो सुजीतचा. दादांनी तहाला इंग्रजीत सांगितलं, आम्ही सॉफ्टवेअरमध्ये मोठी सुधारणा केली आहे, आता कुठल्या माणसाच्या मशीनवर काय होतं ते लपून राहत नाही, आणि हे मशीन आम्ही पुरावा म्हणून हात न लावता जसंच्या तसं ठेवलं आहे. बटण दाबलं. शेवटच्या पानावर ओळी आल्या. वापरणारा, सुजीत. बाहेरचं तापमान, अडतीस.

मग दादांनी स्वतःचा लॅपटॉप जोडला. ती ओळ नाही. ईश्वरीचा जोडला. नाही. माझा जोडला. नाही.

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं, आणि तो केस मीच हातात दिला होता.

मी उठले. सांगितलं की ही ओळ सगळ्यांच्या मशीनवर होती, दादांच्या फोल्डरमधून आलेली, शनिवार-रविवारी पुसली गेली, फक्त सुजीतची ठेवली. तहानं माझं सगळं नीट ऐकलं, त्याला दोष देता येणार नाही. मग तो म्हणाला, "सिस्टर, डोन्ट टेल मी. शो मी." माझ्याकडे दाखवायला काय होतं? जुन्या रिपोर्टांत व्हेरिएबल छापलेच जात नव्हते, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांची गणितं तहापुढे उघडून ताडायला दादा देणार नव्हते. नोंद ठेवायला मी ज्या दिवशी सुरुवात केली त्या दिवसापासूनचं सत्य नोंदीत होतं, आणि त्याआधी सगळे धुतल्या तांदळासारखे. मी कोड उघडून ती चोरवाट दाखवते म्हटलं. दादा म्हणाले, जरूर दाखव. वाट आहेच, पण तिच्यातून गेलं कोण ते स्क्रीनवर लिहिलंय.

मी ईश्वरीकडे वळले. तिच्या मशीनवर ते फोल्डर मी माझ्या हातानं घातलं होतं. "ईश्वरी, तुझ्याकडेही दादांचंच होतं ना?" तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं. "मला आठवत नाही, ताई." बाकीचे मिठाची गुळणी धरून बसले होते. आपलीच माणसं. मराठीत बोलले असते तर तहाला कळलंही नसतं, पण मराठीतही कुणी बोललं नाही. दादांनी तहाला समजावलं की ही सुजीतला धाकट्या भावासारखं मानते, म्हणून जरा भावनेच्या भरात आहे. खलास, तहा म्हणाला, आणि वही मिटली. त्याला नाव मिळालं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण किती सहज वापरतो. संन्याशाला फाशी देताना त्याच्याकडून सही घेतात हे म्हणीत येत नाही. दादांनी सुजीतला बोलावून घेतलं. वसतिगृहवाले दोन लाख दिरहमचा दावा लावतायत, म्हणजे आपले अर्ध्या कोटीच्या घरात, तो तुझ्यावर वैयक्तिक येऊ नये म्हणून मी मध्ये पडतोय, तू फक्त चूक माझ्या हातून झाली एवढं लिहून दे. सुजीतनं त्यांच्यापुढे हात जोडले आणि एकच गोष्ट मागितली. पगार देऊ नका, पण व्हिसा मार्चपर्यंत ठेवा, पोराची दहावी होऊ दे. दादा म्हणाले, "इन्शाल्ला, बघू." इथला अरब इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्यात देव असतो. आमचे लोक म्हणतात तेव्हा त्यात नकार असतो, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. पण बुडत्याला काडीचा आधार. सुजीतनं सही केली.

मी त्याच्यावर ओरडले. जिन्यात उभं राहून ओरडले. स्वप्नाली मध्ये पडली आणि म्हणाली, ताई, तुम्ही खरं बोललात त्याचं काय झालं ते बघितलं ना आपण, आता जरा गोडीनं घेऊ द्या.

मग गणपती आले. दादांकडे दरवर्षी मरीनात सगळं ऑफिस असतं. मी जाणारच नव्हते. सुजीतच म्हणाला, ताई, चल, तू नाही आलीस तर दादांना वाटेल मी तुला भडकवलंय. गेलो. दादांनी सगळ्यांदेखत आरतीचं ताट सुजीतच्या हातात दिलं. माणूस आपलाच आहे, म्हणाले. सुजीतनं डोळे मिटून आरती केली, आवाज सगळ्यात मोठा त्याचा. सिद्धांत शेजारी टाळ्या वाजवत होता. मोदक फार चांगले झाले होते असं सगळे म्हणत होते. मी माझा सिद्धांतच्या ताटात ठेवला.

विसर्जन झालं त्याच आठवड्यात एचआरचा मेल आला, सुजीतचा व्हिसा कॅन्सल. दादा पुण्याला गेले होते, फोन लागत नव्हता.

ते आल्यावर मी केबिनमध्ये गेले. माझ्या नवऱ्याची नोकरी हिवाळ्यातच गेलेली, घर माझ्या व्हिसावर, आमच्या मुलीची, ईशानीची, बारावी. हे सगळं दादांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तरी मी गेले आणि त्यांना तोंडावर म्हटलं की तुम्ही एका पोराचं वर्ष खाल्लंत. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "अनुराधा, तू जे छापलंस ते मी वाचलं. त्यात एक अक्षर मी घातलंय का?" मग म्हणाले, तुझी मनःस्थिती मी समजतो, दोन दिवस घरी आराम कर. मी आराम केला नाही. कामावर जात राहिले, अजून जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नागेशच्या खोलीत अजून तोच एसी आहे, कारण दाव्याचा निकाल लागेपर्यंत नवा कुणी बसवायचा ते ठरत नाही.

इचलकरंजीत दोन शाळांत विचारून झालं. दहावीत मधूनच घेता येत नाही, दोघांनीही तेच सांगितलं. इथल्या शाळेत बोर्डाचं सगळं भरून झालेलं, पण राहायला व्हिसा नाही. मी म्हटलं, आमच्याकडे ठेवा त्याला, ईशानीबरोबर अभ्यास करेल. पण परक्याच्या पोराला आपल्या व्हिसावर ठेवता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं. जून आला की पुन्हा दहावी, नव्या शाळेत, एक वर्ष लहान मुलांबरोबर.

निघायच्या दिवशी दुपारी मी खाली त्यांच्या घरी गेले. सुजीत हॉलमध्ये खोक्याला चिकटपट्टी लावत होता. स्वप्नाली स्वयंपाकघरात उरलेलं तिखट-मीठ शेजाऱ्यांसाठी डब्यात भरत होती. सिद्धांत त्याच्या पलंगावर बसला होता, गादी आधीच विकलेली, नुसत्या फळीवर. मला जागा करून दिली. मग त्यानं विचारलं,

"काकू, डिड बाबा रिअली डू इट?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. ही एकच जागा उरली होती जिथे माझ्याकडे कुणी पुरावा मागणार नव्हतं.

"ही टोल्ड मी ही डिड," सिद्धांत पुढे म्हणाला. "ही सेड, चूक झाली तर माणसानं सांगावं. ही कुड हॅव लाइड, बट ही साइन्ड. आय थिंक दॅट्स ब्रेव्ह." आणि माझ्याकडे बघत राहिला.

चिकटपट्टीचा आवाज थांबला होता. दाराशी सुजीत उभा होता, हातात कात्री. त्यानं पोराच्या मागून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. जेमतेम हलवली, एकदाच. त्या दिवशी मीटिंगमध्ये त्यानं तोंड उघडलं नव्हतं, माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आज मागत होता. दादांनी त्याचं सगळं घेतलं होतं, नोकरी, घर, मार्च. उरलं होतं ते एवढंच, आपला बाप भित्रा नाही, असं पोराला वाटणं. तेवढं त्यानं त्या खोट्या सहीतूनच कसंबसं बनवलं होतं. मी खरं सांगितलं असतं तर तेही गेलं असतं.

"हो," मी म्हटलं. "बाबांच्या हातून चूक झाली. त्यांनी कबूल केली."

सिद्धांतनं मान डोलावली. मग उठून बापाच्या हातातली कात्री घेतली आणि म्हणाला, बाबा, यू रेस्ट, मी लावतो चिकटपट्टी. सुजीत बाजूला झाला.